उसाच्या पानाची प्रकृती प्रकाशाने कशी मोजतात?



गेल्या काही हंगामांपासून गटसभांतून एक प्रश्न वारंवार कानी येऊ लागला आहे. "साहेब, मोबाइलवर आमच्या प्लॉटचा नकाशा आलाय. निम्मा हिरवा, निम्मा तांबडा. ही काय भानगड? आणि तांबडं दिसतंय तिथं युरिया मारायचा का?" प्रश्न रास्त आहे. असे नकाशे एकरी शुल्क घेऊन देणारे लोक गावोगाव फिरू लागले आहेत. कोणी क्लोरोफिल मीटर दाखवितो, कोणी ड्रोन उडवून दाखवितो. यंत्राने दाखविले म्हणजे खरेच असणार, असे मानणारे सभासद आहेत, आणि हे सगळे थोतांड आहे असे म्हणणारेही आहेत. आमच्या मते दोघेही घाई करतात. म्हणून प्रकाशाच्या साहाय्याने पानातील बदल मोजणारी ही साधने चालतात कशी, त्यांना काय कळते आणि काय कळत नाही, हे या अंकात जरा सविस्तर सांगण्याचे योजिले आहे.

मुळात प्रकाशाने उसाची परीक्षा करणे आपल्याला नवे नाही. तोडणीच्या आधी शेतकी खात्याचा माणूस फडात येतो, उसाला टोचा मारतो, रसाचा थेंब एका छोट्या नळीच्या काचेवर घेतो आणि नळी डोळ्याला लावून उजेडाकडे पाहतो. ते हँड रिफ्रॅक्टोमीटर आपण सर्वांनी पाहिले आहे. रसात साखर जितकी जास्त तितका त्यातून जाणारा प्रकाश अधिक वाकतो, आणि तो किती वाकला यावरून ब्रिक्सचा आकडा मिळतो. रस चाखून गोडी सांगणारे जाणते लोक आपल्याकडे आहेतच, पण पाळीपत्रकासाठी जिभेचा दाखला चालत नाही, आकडा लागतो. पानाचेही तसेच आहे. पान "जरा फिकं वाटतंय" असे म्हणणे निराळे आणि किती फिके, कालच्यापेक्षा किती, शेजारच्या सरीपेक्षा किती, हे सांगणे निराळे. डोळा सकाळच्या कोवळ्या उन्हात एक सांगतो आणि भर दुपारी दुसरेच सांगतो. पंधरा दिवसांपूर्वीची छटा तर त्याला मुळीच आठवत नाही.

पान प्रकाशाचे काय करते?

सूर्यप्रकाशात सर्व रंग मिसळलेले असतात. उसाच्या पानातील हरितद्रव्य त्यातला निळा आणि तांबडा प्रकाश खाऊन टाकते, कारण साखर तयार करण्याचे काम मुख्यतः त्यावर चालते. हिरवा प्रकाश त्यामानाने कमी खाल्ला जातो, त्यातला काही परत फेकला जातो, तोच आपल्या डोळ्यांत येतो. म्हणजे ज्याला आपण पिकाची हिरवी शोभा म्हणतो ती पानाची ताटात टाकलेली उष्टावळ होय.

याच्या पलीकडे आणखी एक प्रकाश आहे, तो आपल्याला दिसत नाही. प्रकाशाच्या लहरीची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. निळा प्रकाश ४५० च्या आसपास, हिरवा ५५० च्या, तांबडा ६६० च्या आसपास. ७०० च्या पुढे आपला डोळा आंधळा होतो, पण प्रकाश काही संपत नाही. त्या पुढच्या प्रकाशाला अवरक्त म्हणतात. निरोगी पान हा अवरक्त प्रकाश जवळजवळ खातच नाही. निम्म्याच्या आसपास परत फेकते, बाकीचा बहुतेक आरपार सोडते.

असे का? पानाच्या पोटात पेशी आणि त्यांच्यामधील हवेच्या पोकळ्या यांची गर्दी असते. पाणी रंगहीन असते, पण धबधब्याला फेस आला की तेच पाणी पांढरेशुभ्र दिसते, कारण पाणी आणि हवा यांच्या असंख्य सीमांवर प्रकाश आपटून उलटा फिरतो. पानाच्या आत अवरक्त प्रकाशाचे नेमके हेच होते. आपल्याला तो प्रकाश दिसत असता तर भरात आलेला आडसाली फड डोळे दिपवील इतका लखलखीत दिसला असता.

आता पान आजारी पडले, उपाशी राहिले किंवा तहानले की काय होते ते पाहू. हरितद्रव्य घटू लागले की तांबडा प्रकाश पूर्वीइतका खाल्ला जात नाही, तो परत येऊ लागतो. हिरव्यात तांबडा मिसळला की पिवळा दिसतो, म्हणून पान पिवळे पडले असे आपण म्हणतो. पुढे पेशींची रचना ढासळली, पाने गुंडाळली, गळाली, की अवरक्त प्रकाश परत येण्याचे प्रमाण खाली येते. हा दुसरा बदल आपल्याला दिसतच नाही. पहिला दिसतो, पण बराच वाढल्यावर. तांबडा प्रकाश संपून अवरक्त सुरू होतो त्या ७०० ते ७४० नॅनोमीटरच्या दरम्यान पानाच्या परावर्तनाचा आलेख एकदम कड्यासारखा वर चढतो. हरितद्रव्य थोडे जरी कमी झाले तरी हा कडा किंचित अलीकडे सरकतो. डोळ्याला पान अजून हिरवेगारच असते. ही किंचितशी सरक पकडणे, एवढेच या साधनांचे खरे कसब आहे.

छायाचित्रापासून उपग्रहापर्यंत

या गुणाचा पहिला मोठा उपयोग शेतीसाठी झालेला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अवरक्त प्रकाश टिपणारी रंगीत फिल्म तयार झाली, ती झाडांच्या फांद्यांखाली लपविलेल्या तोफा-गाड्या विमानातून ओळखण्यासाठी. तोडलेल्या फांद्या डोळ्याला हिरव्या दिसल्या तरी फिल्मवर जिवंत झाडीपासून वेगळ्या उठून दिसत. आपल्या देशात १९६९-७० च्या सुमारास प्रा. पी. आर. पिशरोटी यांनी केरळातील नारळाच्या बागांवर हेलिकॉप्टरमधून अशाच फिल्मवर छायाचित्रे घेऊन मूळकुजव्या रोगाने पछाडलेली झाडे ओळखण्याचा प्रयोग केला. भारतातील सुदूर संवेदनाचा आरंभ या प्रयोगापासून मानतात. म्हणजे अवकाशातून पीक पाहण्याची आपली विद्या एका रोगट पानापासून सुरू झाली, हे आपण शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पुढे १९७२ साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह वर गेला आणि १७ मार्च १९८८ रोजी आपला आयआरएस-१ए. आता येथे गुंठ्याचा हिशेब मांडला पाहिजे, कारण सारी मेख तेथे आहे. उपग्रहाचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते आणि एका ठिपक्यात जेवढी जमीन येते तिचा एकच सरासरी रंग त्याला कळतो. आयआरएस-१ए च्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेबहात्तर मीटर लांब-रुंद होता. म्हणजे जवळजवळ ५२ गुंठे. आपल्या बहुसंख्य सभासदांचा अख्खा ऊस, बांध, विहीर आणि शेजाऱ्याचा काही ऊस त्या एका ठिपक्यात मावला असता. त्या काळी तालुक्यात एकूण ऊस किती याचा अंदाज त्यातून घेता येई, एका प्लॉटचे काही सांगता येत नसे.

आज युरोपचे सेंटिनेल-२ नावाचे उपग्रह ७८६ किलोमीटरवरून फिरतात. त्यांच्या तांबड्या आणि अवरक्त प्रकाशाचा ठिपका दहा मीटर लांब-रुंद आहे. दहा गुणिले दहा म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. ठिपका म्हणजे गुंठाच! एकराला चाळीस ठिपके. दोन उपग्रहांची जोडी असल्याने दर पाच दिवसांनी त्याच जागेचे चित्र मिळते, आणि मूळ चित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात. जे लोक शुल्क घेतात ते चित्राचे नव्हे, चित्र सोपे करून मोबाइलवर आणून देण्याचे आणि सल्ल्याचे घेतात. तो सल्ला त्या मोलाचा आहे की नाही हे ज्याचे त्याने पाहावे, पण आपण पैसे कशाचे देतो हे ठाऊक असावे.

मीरा-भाईंदरचे उदाहरण

उपग्रहाचे चित्र वाचायचे कसे याचे एक चांगले उदाहरण उसाबाहेरचे आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले, पुतणे, जावई नोकरीनिमित्त मीरा रोड-भाईंदरला राहतात, त्यामुळे आपले तेथे जाणे-येणे असते. भाईंदर सोडून गाडी नायगावकडे निघाली की वसईच्या खाडीवरचा पूल लागतो. खाडीच्या काठाने तिवरांची झुडपे, म्हणजे कांदळवन, आणि भाईंदरच्या बाजूला मिठागरे. पावसाळ्यात खिडकीतून पाहिले तर सगळे हिरवेच दिसते. तिवर कोणते आणि मोकळ्या जागेवर उगवलेले गवत कोणते, हे धावत्या गाडीतून सांगता येणार नाही.

उपग्रहाच्या चित्रात अवरक्त प्रकाशाला तांबडा रंग देण्याची पद्धत आहे. (म्हणून त्या चित्रातले तांबडे म्हणजे जोमदार पीक, आणि मोबाइलच्या नकाशातले तांबडे म्हणजे कमजोर पीक. हा घोळ लक्षात ठेवा, पुष्कळांची येथे फसगत होते.) अशा चित्रात कांदळवन गडद तांबडे दिसते, खाडीचे पाणी काळपट, इमारती निळसर-राखी. पावसाळ्यानंतर गवतही तांबडेच दिसते. पण तीच जागा मे महिन्यात पाहिली की गवत वाळून त्याचा तांबडेपणा गेलेला असतो, तिवर मात्र बारमाही हिरवे असल्याने तसेच तांबडे राहते. झाला निवाडा! आणि एका वर्षीच्या मे महिन्यात तांबडा असलेला तुकडा पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात राखी झाला असेल, तर तेथे झाडी मेली किंवा तुटली हे उघड होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली तेव्हा उपग्रहचित्रांवरून कांदळवनाचे नकाशे करण्याचे काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे आले. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने ती बंदी कायम केली. मीरा-भाईंदरसारख्या ठिकाणी, जेथे जमिनीला सोन्याचा भाव आणि रातोरात भराव टाकणारांची वाण नाही, तेथे तारीखवार चित्र हा मोठा साक्षीदार ठरतो.

पण त्यातही एक गोम आहे. भरतीच्या वेळी झुडपांच्या बुंध्यांत पाणी शिरते. पाणी अवरक्त प्रकाश गिळून टाकते. त्यामुळे भरतीचे चित्र आणि ओहोटीचे चित्र शेजारी ठेवले तर एकही फांदी तुटलेली नसताना कांदळवन रोडावल्यासारखे दिसते. म्हणून जाणकार माणूस आधी दोन्ही चित्रांच्या वेळची भरती-ओहोटी पाहतो.

आपल्या शेतात खाडी नाही, पण पाटाचे पाणी आहे. दोन-तीन महिन्यांच्या सुरू उसात पानांच्या मधून जमीन दिसत असते. कालच पाणी दिलेली काळी ओली जमीन आणि वाफशावर आलेली जमीन उपग्रहाला सारखी दिसत नाही. निम्म्या प्लॉटला पाणी झाले, निम्म्याला वीज गेल्याने राहिले, आणि नेमके त्याच दिवशी चित्र निघाले, तर नकाशात रेघ मारल्यासारखे दोन भाग दिसतील. ऊस दोन्हीकडे सारखाच असेल. एका चित्रावर भरवसा नको, पाठोपाठची दोन-तीन पाहावीत, हे आमचे सांगणे यासाठी आहे.

नकाशातला आकडा

मोबाइलवर येणारा रंगीत नकाशा बहुधा एका साध्या गणितावर बेतलेला असतो, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. परत आलेल्या अवरक्त प्रकाशातून तांबडा वजा करायचा आणि दोहोंच्या बेरजेने भागायचे. उदाहरणादाखल, जोमदार उसाने शंभरातला ४५ भाग अवरक्त आणि ५ भाग तांबडा परत पाठविला, तर ४० भागिले ५०, म्हणजे ०.८. कमजोर उसाने ३५ आणि १२ पाठविला, तर २३ भागिले ४७, म्हणजे ०.४९. मोकळ्या रानाचा आकडा ०.१ ते ०.२ च्या घरात येतो. गणित चौथीच्या मुलाला जमेल असे आहे, पण त्यावर रंग चढविताना गंमत होते. काही नकाशांत त्याच प्लॉटमधील सर्वांत कमी आकड्याला तांबडा आणि सर्वांत जास्त आकड्याला हिरवा रंग देतात. मग प्लॉट सगळाच उत्तम, ०.७८ ते ०.८४ चा असला तरी ०.७८ ला तांबडा रंग येतो आणि घरधनी घाबरून दुकानाकडे पळतो. तेव्हा रंगावर जाऊ नका, बोट ठेवून आकडा पाहा.

दुसरे असे की पाच-सहा महिन्यांच्या उसाने सरी झाकली की हा आकडा ०.८ च्या वर जाऊन थबकतो. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतले तरी पातळी वाढत नाही, तसे होते. चांगला ऊस आणि फार चांगला ऊस यातला फरक त्याला कळेनासा होतो. त्यावेळी वर सांगितलेल्या ७०० ते ७४० च्या कड्यावर आधारलेला निर्देशांक जास्त उपयोगी पडतो, परंतु सेंटिनेलचा तो ठिपका वीस मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा आहे. आणि आपली रानं कशी? वीस मीटर रुंद, शंभर मीटर लांब, अशी वीस गुंठ्यांची पट्टी. वाटण्यांनी झालेल्या त्या चिंचोळ्या पट्टीत बांधाला न शिवणारा ठिपका सापडणे मुश्कील. बांधावरची शेवरी, शेजाऱ्याचे सोयाबीन, सगळे त्यात मिसळणार. शिवाय जून ते सप्टेंबर ढगांमुळे चांगली चित्रे क्वचितच मिळतात, आणि ऊस जोराने वाढण्याचा काळ तोच. ढगांतून पाहणारे रडारचे उपग्रह आहेत, पण त्यांना पानाचा रंग कळत नाही.

एवढ्या उणिवा सांगून झाल्यावर कोणी म्हणेल, मग हे हवेच कशाला? त्याचे उत्तर आठ-नऊ महिन्यांच्या उसात आत शिरून पाहिलेल्या माणसालाच पटेल. डोक्यावर चार हात ऊस, पाने कापतात, पाच सऱ्यांपलीकडचे दिसत नाही. बांधावरून हिरवागार दिसणाऱ्या फडाच्या मध्यावर पाच गुंठे हुमणीने बसले तरी तोडणीपर्यंत पत्ता लागत नाही. तेथे वरून पाहणाऱ्याला जे दिसते ते बांधावरून आपल्याला कधीच दिसणार नाही. नकाशात लागोपाठ दोन चित्रांत एकाच जागी डाग पडला असेल तर तेवढ्याच जागी जाऊन पाहावे, सगळा फड तुडवायला नको.

पिवळेपणा कशाचा?

आता मुद्द्याचे. यंत्राला पान फिके झाले हे कळते. का फिके झाले हे कळत नाही. खोडव्यात पिवळा पट्टा दिसला की "युरिया कमी पडला" म्हणून एक पोते जास्त टाकण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. वास्तविक नत्र कमी पडले तर खालची जुनी पाने आधी फिकी होऊन शेंड्याकडून वाळत येतात, आणि सगळा ऊसच फिकट दिसतो. पोंग्याजवळची कोवळी पाने पिवळी पडली आणि त्यांत शिरा मात्र हिरव्या रेघांसारख्या राहिल्या, तर तो केवडा, म्हणजे लोहाची कमतरता. चुनखडीच्या रानात खोडव्याला तो हमखास दिसतो. तेथे युरियाची गोणी रिकामी केली तरी पान सुधारत नाही. लोहाची कमतरता असलेल्या जमिनीत हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट दहापट शेणखतात काही दिवस मुरवून देण्याची शिफारस आहे. पाणी साचून मुळे गुदमरली तरी पान पिवळे. ऑगस्ट-सप्टेंबरात बेटच पिवळे पडून वाळत असेल आणि उपटल्यावर सहज हातात येत असेल, तर खाली हुमणी आहे. चारही ठिकाणी नकाशाचा डाग सारखाच, इलाज मात्र चार. उपग्रहाला बेट उपटून पाहता येत नाही, ते आपल्यालाच करावे लागते.

हाती धरण्याचे क्लोरोफिल मीटर

हे चिमट्यासारखे असते. पान चिमट्यात धरले की एका बाजूने ६५० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० चा अवरक्त प्रकाश सोडला जातो, दुसऱ्या बाजूला किती पोहोचला ते मोजले जाते. तांबडा हरितद्रव्य खाते, अवरक्त खात नाही. त्यामुळे अवरक्तावरून पानाची जाडी वजा होते आणि उरतो तो हरितद्रव्याचा अंदाज. पान तोडावे लागत नाही, दोन-तीन सेकंदांत आकडा येतो. पण ते एका वेळी पानाचा मोहरीच्या दाण्याएवढाच भाग पाहते. म्हणून एका पानावरून निकाल देऊ नये. शेंड्याकडून पाहत आल्यास ज्याचा गळा स्पष्ट दिसतो ते पहिले पूर्ण उघडलेले पान घ्यावे, मधली शीर टाळून लांबीच्या मध्यावर चिमटा लावावा, पान दवाने ओले नसावे, आणि प्लॉटभर हिंडून निदान वीस-तीस उसांची सरासरी काढावी.

आकडा किती आला म्हणजे चांगला? याचे एकच उत्तर नाही, आणि असे उत्तर देणाऱ्यापासून जपून राहावे. को ८६०३२ आणि फुले २६५ यांच्या पानांची जातच वेगळी. जमीन, वय, हंगाम यांनीही आकडा बदलतो. यावर मक्याच्या पिकात रुळलेली एक साधी युक्ती आहे. प्लॉटमध्येच चार सऱ्यांचा एक पट्टा राखायचा आणि त्याला सुरुवातीच्या हप्त्यांत सव्वापट नत्र द्यायचे, म्हणजे तेथे तरी नत्राची टंचाई नाही अशी खात्री. मग त्या पट्ट्याचा आकडा आणि बाकी प्लॉटचा आकडा ताडून पाहायचा. पट्ट्याचा ४२ आणि प्लॉटचा ४१ आला तर नत्र पुरेसे आहे. प्लॉटचा ३७ आला तर तो पट्ट्याच्या ८८ टक्के झाला. मक्यात ९५ टक्क्यांच्या खाली गेल्यास नत्र द्यावे असा ठोकताळा आहे. उसाला तोच आकडा जसाच्या तसा लावू नये, पण दिशा कळते. आणि ज्या रानात राखीव पट्टासुद्धा बाकीच्याइतकाच पिवळा आहे, तेथे नत्राचा संबंध नाही, दुसरे कारण शोधा. मीटर येथे खरा पैसा वाचवितो.

किती पैसा, तेही पाहू. सुरू उसाला राहुरी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे हेक्टरी २५० किलो नत्र, म्हणजे एकरी १०० किलो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून २१७ किलो युरिया. आजच्या ४५ किलोच्या गोणीने पावणेपाच-पाच गोण्या. यातले चाळीस टक्के मोठ्या बांधणीला जाते. पान त्यावेळी पट्ट्याच्या बरोबरीने असेल तर ठरल्यापेक्षा एकही किलो जादा टाकण्याचे कारण नाही. बांधणीनंतर मागाहून फेकलेला युरिया तर दुहेरी मारतो. ऊस पालापाचोळ्यात वाढत राहतो, लोळतो, पक्वता लांबते, रसात साखर भरत नाही. गोणीचे पैसे सभासदाच्या खिशातून जातात, आणि घटलेला उतारा सगळ्या सभासदांच्या दरातून वजा होतो.

इतर साधने

थोडक्यात सांगतो. तहानलेले पान आपली सूक्ष्म छिद्रे मिटून घेते, घाम बंद झाल्याने तापते. दुपारी लांबूनच पानाचे तापमान मोजणारा अवरक्त थर्मामीटर हे दाखवितो. पाणी झालेली सरी आणि न झालेली सरी यांतला फरक भर उन्हात त्यावर चांगला दिसतो, आणि किमतीने तो या सगळ्यांत स्वस्त. पान खाल्लेल्या प्रकाशापैकी एक-दोन टक्के मंद तांबड्या उजेडाच्या रूपाने परत सोडते, तो मोजणारी यंत्रेही आहेत. पान वीस-तीस मिनिटे अंधारात ठेवून मोजल्यास निरोगी पानाचा आकडा ०.८३ च्या आसपास येतो. पण ते काम संशोधन केंद्राचे आहे, बांधावरचे नव्हे. ड्रोनवरचा कॅमेरा उपग्रहासारखेच काम जवळून करतो. त्याला सरी न् सरी दिसते, ढगांखालून उडतो, मात्र प्रत्येक फेरीला खर्च आहे.

बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या सहभागाने २०२४ साली उसात उपग्रहाची चित्रे, शेतातील हवामान केंद्रे आणि जमिनीतील ओलाव्याचे मापक यांची सांगड घातली. सुमारे एक हजार शेतकऱ्यांपासून सुरुवात झाली. त्याबद्दल सभासद फार विचारतात. आमचे मत असे की तेथे पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे सांगड. चित्रासोबत जमिनीतील ओल आणि हवेची नोंद असेल, तर डाग पाण्याने पडला की खताने, याचा तर्क बांधता येतो. नुसते चित्र विकत घेऊन तो लाभ मिळणार नाही. शिवाय अशा ठिकाणी रोप, ठिबक, खताचे हप्ते हे सारेच सुधारलेले असते, त्यामुळे वाढलेल्या टनांचे सगळे श्रेय कॅमेऱ्याला देता येणार नाही.

येत्या हंगामात ज्या सभासदांना राखीव पट्ट्याची पद्धत करून पाहायची असेल त्यांनी लागणीच्या वेळीच चार सऱ्या निवडाव्यात. बांधालगतच्या, पाटाच्या तोंडाच्या किंवा झाडाच्या सावलीतल्या घेऊ नयेत. दोन्ही टोकांना कळकाची काठी रोवून फडके बांधावे आणि किती खत केव्हा दिले ते वहीत लिहून ठेवावे. मोठ्या बांधणीच्या आठ दिवस आधी गट कार्यालयात कळवावे, म्हणजे मोजणी बांधणीपूर्वी करता येईल. खत टाकून झाल्यावर मोजणी करून काही उपयोग नाही. मोबाइलवर नकाशा येत असल्यास तोही सोबत आणावा, त्यावर तारीख मात्र असावी, आणि त्या आठवड्यात पाणी कोणत्या दिवशी, किती सऱ्यांना झाले हेही सांगावे.